परिचारिका रुग्णाला कशी पाहते : एका निरीक्षणाचा इतिहास



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, 'परिचारिका रुग्णाची प्रकृती कशी ओळखते.' फोनवर क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी अदबीनं विचारलं, "सर, आपला विषय तत्त्वज्ञान ना?" होय, तत्त्वज्ञानच. तीसेक वर्षं आम्ही विद्यार्थ्यांना ज्ञानमीमांसा शिकवली. एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमकं काय होतं, आणि 'मला कळलं आहे' असं म्हणायचा अधिकार कुणाला, हे तिचे दोन प्रश्न. वॉर्डात हे दोन्ही प्रश्न रोज तिन्ही पाळ्यांत विचारले जातात. तिथं त्यांना कुणी ज्ञानमीमांसा म्हणत नाही, इतकंच.

आम्हाला हे उशिरा कळलं, आणि तेही आडवं पडल्यावर.

काही वर्षांपूर्वी आमचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. कुठल्या रुग्णालयात, ते राहू द्या. तिसऱ्या रात्री रात्रपाळीची सिस्टर आली. वयानं आमच्या नातीहून फार मोठी नसावी. "आजोबा, कसं वाटतंय?" आम्ही म्हणालो, "उत्तम." तिनं मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहत उभी राहिली. नाडी मोजून झाल्यासारखं वाटलं, तरी हात सोडेना. आम्हाला वाटलं, पोरीचा आकडा चुकला, पुन्हा मोजतेय. प्रत्यक्षात ती आमचे श्वास मोजत होती. श्वास मोजले जाताहेत हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून सिस्टर मनगट धरून ठेवतात. रुग्णाला वाटतं नाडी चाललीय, आणि त्यांची नजर असते छातीवर.

श्वास भरले मिनिटाला 26. तिनं निवासी डॉक्टरांना फोन केला. ताप नाही, रक्तदाब ठीक, रुग्ण स्वतः 'उत्तम' म्हणतोय. डॉक्टर म्हणाले, सकाळी बघू. तिनं आकडा चार्टवर लिहिला आणि अर्ध्या तासानं पुन्हा येऊन मोजले. 28. पुन्हा फोन. आमच्या सौ. शेजारी बसल्या होत्या, त्यांनी ऐकलेलं वाक्य त्या अजून सांगतात : "सर, हे आजोबा काल रात्री दोनदा चष्मा मागत होते, माझं गाव कुठलं विचारत होते. आज त्यांनी काहीच मागितलेलं नाही." डॉक्टर आले, मग मोठे डॉक्टर आले, तपासण्या झाल्या. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. आज आम्ही तुमच्यासमोर उभे आहोत ते त्या दुसऱ्या फोनमुळे.

देकार्तपासूनचा एक विचार आम्ही वर्षानुवर्षं वर्गात मांडत आलो : स्वतःला काय वाटतंय याबाबत अंतिम अधिकारी आपण स्वतः. त्या रात्री हे अंतिम अधिकारी 'उत्तम' म्हणत होते आणि साफ चूक होते. बरोबर होती ती मुलगी. पण आपलं बरोबर आहे हे पटवायला तिला दोन फोन करावे लागले. आजचं व्याख्यान त्या दोन फोनांमधल्या अर्ध्या तासाबद्दल आहे. पाहणारी व्यक्ती एक आणि 'कळलं' असं म्हणणारी दुसरी, ही वाटणी कशी झाली, आणि तिची किंमत कोण मोजतं, एवढंच आम्हाला सांगायचं आहे.

जवळ उभा राहणारा

सुरुवात आपल्याकडच्या एका जुन्या शब्दापासून करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रुग्ण. चौथा पाय रुग्ण स्वतः, हे विसरू नका. उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा. शब्द फोडून पाहिला तर उप अधिक स्था, जवळ उभा राहणारा. त्याचे गुणही चारच दिले आहेत : उपचारांची जाण, दक्षता, अनुराग म्हणजे रुग्णाविषयी ममता, आणि शुचिता.

यातला पहिला गुण ज्ञानाचा आहे, याकडे आमचं लक्ष फार उशिरा गेलं. सेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ममता आणि कष्ट येतात. चरकांनी मात्र यादीची सुरुवात जाणतेपणापासून केली आणि ममता तिसऱ्या क्रमांकावर ठेवली. आपला आजचा शब्द परिचारिका. परि अधिक चर, सभोवती वावरणारी. जवळ उभं राहणं आणि सभोवती वावरणं, या दोन क्रियांमधून जे कळतं ते लांबून येऊन, पाच मिनिटं तपासून जाणाऱ्याला कळेलच असं नाही. दोघांची जागाच वेगळी, म्हणून दृष्टीही वेगळी.

नाइटिंगेलबाईंची यादी

आधुनिक काळात हे पाहणं शिकवता येतं, त्याला शिस्त लावता येते, असं ठामपणे मांडलं ते फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. 1854च्या नोव्हेंबरात क्रिमियन युद्धाच्या वेळी त्या 38 परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानात स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचल्या. हातात दिवा घेतलेली स्त्री हे त्यांचं चित्र आपण शाळेच्या पुस्तकांत पाहिलेलं आहे. त्या दिव्यानं एक गोंधळ मात्र केला. बाई दयाळू होत्या एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्या दिव्याच्या उजेडात त्या काय पाहत होत्या, हे कुणी विचारलं नाही.

त्याचं उत्तर त्यांच्याच 'नोट्स ऑन नर्सिंग' या छोट्या पुस्तकात आहे. 1859च्या अखेरीस ते निघालं. त्यात रुग्णाच्या निरीक्षणावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही ते वाचून खजील व्हायला होतं. 'रात्र चांगली गेली का?' असं विचारू नका, असं त्या बजावतात. एकाला दहा तास झोप लागली नाही तर रात्र वाईट वाटते, दुसऱ्याला अधूनमधून डुलक्या लागल्या तरी ती चांगली वाटते. म्हणून विचारायचं ते हे : किती तास झोप लागली, आणि रात्रीच्या कुठल्या वेळी? उत्तर प्रश्नातच दडलेलं असेल तर रुग्ण तेच परत करतो. आमच्या त्या 'उत्तम'ची गत हीच होती.

दुसरी गोष्ट आणखी विलक्षण. नाइटिंगेलबाई मोठ्या संख्याशास्त्रज्ञ होत्या, लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेनं सभासद करून घेतलेल्या पहिल्या महिला. तरी याच पुस्तकात त्या सरासरीपासून सावध करतात. शंभरात किती दगावतात हे आकडे सांगतील, पण समोरचा हा माणूस त्यातला आहे की नाही, हे बारकाईनं पाहूनच कळतं. सरासरीच्या नादानं माणूस पाहायचाच विसरतो, असं त्यांचं म्हणणं.

1860मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली. तिथल्या शिकाऊ मुलींना कर्तव्यांची जी यादी मिळे, तिच्यात काटेकोर निरीक्षणाचे मुद्दे होते : स्राव, कफ, नाडी, त्वचा, भूक, शुद्ध कशी आहे, भ्रम की गुंगी, श्वास, झोप, जखमांची स्थिती, पुरळ, पू, आहाराचा, उत्तेजकांचा आणि औषधांचा परिणाम. यादी नीट ऐकलीत ना? यात एकही यंत्र नाही. तापमापकसुद्धा नाही. डोळे, नाक, कान, बोटं आणि स्मरणशक्ती, एवढीच साधनं.

पण एक मर्यादाही आखलेली होती. मुलीनं पाहायचं, टिपायचं, डॉक्टरांना सांगायचं. अर्थ लावायचा तो डॉक्टरांनी. त्या काळात स्त्रियांना रुग्णालयात शिरकाव मिळवायचा तर एवढी मर्यादा मान्य करावीच लागत होती, हे आम्हाला समजतं. पण काळ गेला, आणि ती रेघ मागे उरली.

तापमापक हातात आला, अर्थ नाही

या रेघेची खरी परीक्षा यंत्रांनी घेतली. घड्याळ वापरून नाडी मोजावी, असं इंग्लंडमधले वैद्य जॉन फ्लॉयर 1707मध्येच लिहीत होते, पण दीड शतक ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. खरा बदल झाला जर्मनीत, लाइपझिग इथे. कार्ल वुंडरलिख यांनी सुमारे 25 हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदी जमवल्या आणि 1868मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. 37 अंश सेल्सियस हे निरोगी माणसाचं तापमान, ही गोष्ट रूढ झाली ती त्यांच्यामुळे. ताप हा स्वतःच एक रोग, अशी तोवरची समजूत होती. तो रोगाचं लक्षण आहे, आणि त्याच्या चढउताराच्या आलेखावरून रोग ओळखता येतो, हे त्यांनी दाखवलं.

आता अडचण पाहा. तेव्हाचा तापमापक जवळजवळ फूटभर लांब, आणि काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवायचा. तोही दिवसातून अनेकदा, प्रत्येक खाटेवर. एवढा वेळ डॉक्टरकडे कुठून असणार? क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज डॉक्टरांनी 1860च्या दशकात सहा इंची, पाच मिनिटांत काम भागवणारा तापमापक केला, तरी खाटा तेवढ्याच होत्या. म्हणून काम आलं परिचारिकेकडे. चार्ट आला, त्यावर ठिपके आले, ठिपके जोडणारी रेघ आली. आपल्याकडच्या वॉर्डात अजूनही 'टीपीआर' म्हणतात, म्हणजे ताप, नाडी, श्वास. खाटेच्या पायथ्याशी लटकणारा तो कागद लाइपझिगच्या त्या आलेखांचाच वारस.

पुढे 1896मध्ये इटलीत रिवा-रोची यांनी दंडावर बांधायच्या पट्ट्याचं रक्तदाबमापक केलं. 1905मध्ये रशियातल्या कोरोत्कोव्ह यांनी तो पट्टा सोडताना स्टेथोस्कोपनं आवाज ऐकायची रीत दाखवली. हेही आधी डॉक्टरांचं खास काम होतं, आणि काही दशकांत तेही परिचारिकेच्या हाती आलं. क्रम दर वेळी तोच. यंत्र नवं असतं तेव्हा ते विद्येचं प्रतीक, म्हणून डॉक्टरांकडे. रोजचं झालं की ते काम, म्हणून सिस्टरकडे. यंत्र खाली येतं, अर्थ लावायचा अधिकार वरच राहतो.

न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर धूर पाहायचा परिचारिकेनं, आणि डोंगरावर आग आहे हे अनुमान काढायचं डॉक्टरांनी. पण ज्यानं हजार वेळा धूर पाहिला त्याला धूर दिसताक्षणी आग जाणवते. त्याला 'तू फक्त धूर सांग' म्हटलं, तर त्यानं करायचं काय?

न बोलता बोलायचा खेळ

तो काय करतो, हे लेनर्ड स्टाइन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 1967मध्ये लिहून ठेवलं. निबंधाचं नावच 'डॉक्टर-नर्स खेळ'. त्यांनी दाखवलं की अनुभवी परिचारिका काय करायला हवं हे डॉक्टरांना सुचवते, पण सुचवल्यासारखं दिसू देत नाही. आणि डॉक्टर तो सल्ला घेतात, पण घेतल्यासारखं दिसू देत नाहीत. उघड मतभेद होऊ द्यायचा नाही, हा खेळाचा पहिला नियम.

सभागृहात काही सिस्टर बसलेल्या दिसताहेत, त्या हसायला लागल्या. "सर, मागच्या महिन्यात असाच पेशंट आला होता, त्याला तुम्ही अमुक दिलं होतं ना?" हे वाक्य तुम्ही म्हटलेलं असणार. या वाक्यात निदान आहे, उपचार आहे, आणि कर्तेपण मात्र समोरच्याचं आहे. मराठी घरांतल्या सासुरवाशिणींनी हीच कला पिढ्यान्‌पिढ्या जोपासली.

हसण्यासारखं आहे, पण इथेच धोका आहे. खेळायला वेळ लागतो, कसब लागतं, ओळख लागते. मध्यरात्री नवी सिस्टर आणि नवा डॉक्टर असला की खेळ जमत नाही. मग उरतं ते 'सकाळी बघू'.

सगळ्यांची एकच भाषा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कोंडीतून एक वाट निघाली. पाहिलेल्या गोष्टीला गुण द्यायचे, म्हणजे कुणी पाहिलं यापेक्षा काय पाहिलं याला वजन येईल.

डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिका. वृद्धांच्या शुश्रूषेवरचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं संशोधन 1962मध्ये प्रसिद्ध झालं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला शय्याव्रण, म्हणजे आपण बेडसोर म्हणतो ते, होतील का हे आधी कसं ओळखायचं, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पाच गोष्टी घेतल्या : शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल, आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकीला एक ते चार गुण. बेरीज 14 किंवा त्याहून कमी आली की धोका. जखम व्हायच्या आधी ती ओळखायची, आणि तीही परिचारिकेनं काढलेल्या मापानं. वर आखलेली ती रेघ इथे पहिल्यांदा उघडपणे ओलांडली गेली, असं आम्हाला वाटतं.

मग 1974मध्ये ग्लासगोचे ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट. डोक्याला मार लागलेला रुग्ण कितपत शुद्धीवर आहे, हे सांगायला तोवर 'गुंगीत', 'अर्धवट बेशुद्ध' असे शब्द होते, आणि प्रत्येकाच्या मनात त्यांचा अर्थ वेगळा. या दोघांनी तीनच प्रश्न ठेवले. डोळे केव्हा उघडतो? काय बोलतो? हातपाय कसे हलवतो? बेरीज 3पासून 15पर्यंत. यातली खरी क्रांती बेरजेत नाही. रात्री दोनला शिकाऊ परिचारिकेनं दिलेला आकडा आणि सकाळी दहाला मोठ्या सर्जननं दिलेला आकडा एकाच मापाचे झाले, ही ती क्रांती. रात्री 13 होते, पहाटे 10 झाले, असं म्हटलं की कुणी 'तुला काय कळतं' म्हणू शकत नाही.

आठ तास

मग प्रश्न आला : वॉर्डात अचानक हृदय बंद पडतं, ते खरंच अचानक का? 1990मध्ये अमेरिकेत शाइन आणि सहकाऱ्यांनी अशा 64 रुग्णांचे कागद तपासले. त्यांतल्या 84 टक्के रुग्णांत आधीच्या आठ तासांत बिघाडाच्या खुणा किंवा नव्या तक्रारी नोंदलेल्या होत्या. नोंदलेल्या, हा शब्द लक्षात घ्या. कुणीतरी पाहिलं होतं, लिहिलंही होतं. पाहणं आणि कृती यांच्या मध्ये आठ तासांचं अंतर होतं. आमच्या बाबतीत ते अर्ध्या तासावर आलं, म्हणून आम्ही वाचलो.

त्यानंतर दोन वाटा निघाल्या. इंग्लंडमध्ये 1997मध्ये मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी पूर्वसूचनेची गुणपद्धत मांडली. श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, शुद्ध यांना गुण, आणि बेरीज ठरावीक आकड्यावर गेली की वरिष्ठांना बोलवायचंच. मर्जीचा प्रश्न नाही. 2012मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं त्याची राष्ट्रीय आवृत्ती काढली. आमचे त्या रात्रीचे 26 श्वास त्या तक्त्यात घातले, तर एकट्या श्वासाचेच तीन गुण होतात. एका रकान्यात यापेक्षा जास्त गुण मिळतच नाहीत.

दुसरी वाट ऑस्ट्रेलियातली. सिडनीत केन हिलमन आणि सहकाऱ्यांनी तातडीचं वैद्यकीय पथक सुरू केलं. ते कधी बोलवायचं याच्या निकषांत आकडे होतेच, पण शेवटी एक साधा निकष होता : रुग्णाविषयी काळजी वाटत असेल तर. कारण सांगायची सक्ती नाही. आमच्या मते वैद्यकाच्या इतिहासातलं हे फार मोठं वाक्य आहे. जे शब्दांत मांडता येत नाही तेही ज्ञान असू शकतं, हे मायकेल पोलानी यांनी तत्त्वज्ञानात मांडलं होतंच. इथे ते रुग्णालयाच्या नियमात उतरलं. पुढे नेदरलँड्समध्ये गूसके डाऊ या संशोधक परिचारिकेनं या 'काळजी वाटण्या'चेच निर्देशक काढले. श्वासाचा ढंग बदलणं, रुग्णाचं अस्वस्थ होणं, 'मला काहीतरी होतंय' असं त्यानं स्वतः म्हणणं, असे.

नसलेलं दिसणं

आता त्या सिस्टरच्या वाक्याकडे परत येऊ. 'आज त्यांनी काहीच मागितलेलं नाही.' हे तिनं कशानं जाणलं? डोळ्यांनी तर 'न मागणं' दिसत नाही. कुमारिल भट्टांच्या मीमांसा परंपरेत यासाठी एक स्वतंत्र प्रमाण मानलं आहे, अनुपलब्धी. जमिनीवर घडा नाही हे आपल्याला कसं कळतं? घडा असता तर दिसला असता, दिसत नाही, म्हणून नाही. नैयायिकांनी यावर शतकानुशतकं वाद घातला. वर्गात मुलं कंटाळायची, "सर, नसलेल्या घड्याचं एवढं काय?" त्यांना आता आम्ही सांगू शकतो, नसलेल्या चष्म्यानं माणूस वाचतो.

पण अनुपलब्धीला एक अट आहे. घडा असता तर दिसला असता, असं म्हणता यायला घडा पूर्वी पाहिलेला हवा. काल चष्मा मागणारा म्हातारा जिनं पाहिला, तिलाच आज त्याचं न मागणं दिसेल. म्हणजे हे ज्ञान हुशारीवर जेवढं अवलंबून, तेवढंच ओळखीवर. आणि ओळख वेळावर, नि वेळ माणसांच्या संख्येवर.

आता यात भावनेचा भाग किती आणि हिशेबाचा किती, ते पाहा. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, असं त्यांना आढळलं. आपल्याकडच्या सरकारी वॉर्डात रात्री एका सिस्टरकडे किती खाटा असतात, हे इथल्या सिस्टरांना विचारा. जमिनीवरचे रुग्ण धरून विचारा. ती औषधं देईल, सलाईन बदलेल, रजिस्टर भरेल. कुणी आज चष्मा मागितला नाही, हे तिला कुठून दिसणार? तिची दृष्टी कमी नाही, आपण ती वाटून टाकली आहे.

केईएम

शेवटी मुंबईकडे येऊ. जवळ राहणाऱ्याचं ज्ञान आणि तपासणाऱ्याचं ज्ञान हे दोन्ही आपल्याकडे एकदा न्यायालयात समोरासमोर आले.

अरुणा शानबाग या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका. 1973च्या नोव्हेंबरात त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या कधीच पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत. 18 मे 2015 रोजी त्या गेल्या, तोवर 41 वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. पिंकी विराणी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तीन डॉक्टरांचं पथक नेमलं. सततच्या अचेतन अवस्थेचे बहुतेक निकष लागू पडतात, असं डॉक्टरांनी कळवलं. परिचारिका वेगळं सांगत होत्या : आवडीचं खाणं दिलं की अरुणाचा चेहरा बदलतो, खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ आवाज काढते. 7 मार्च 2011च्या निकालात न्यायालयानं याचिका फेटाळली, आणि अरुणाच्या वतीनं बोलायचा हक्क तिला इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला.

बरोबर कोण होतं? आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर सोपं उत्तर सापडलं नाही. चरकांनी सांगितलेला अनुराग नजर तीक्ष्ण करतो, आणि तोच कधीकधी नसलेलंही दाखवतो. आईला मुलाच्या प्रत्येक हालचालीत अर्थ दिसतो. परिचारिकांना जे दिसलं त्यात त्यांची इच्छा किती मिसळली होती, हे बाहेरून ठरवता येत नाही. पण तपासणीत जे दिसलं तेच पूर्ण, असंही आम्ही म्हणणार नाही.

मात्र एका बाबतीत वादाला जागा नव्हती. 37 वर्षं अंथरुणात काढूनही त्यांच्या अंगावर एक बेडसोर नव्हता. कूस दर दोन तासांनी बदलावी हा रूढ नियम धरून आम्ही गुणाकार केला : दिवसाला 12 वेळा, वर्षाचे 365 दिवस, 37 वर्षं. दीड लाखाच्या वर आकडा जातो. प्रत्येक वेळी पाठ पाहायची, कुठे लाली आली का, कातडी ओलसर का, चादरीला सुरकुती का. ही नुसती सेवा नव्हे. दीड लाख वेळा केलेलं निरीक्षण आहे ते, आणि त्याचा अहवाल त्या कातडीवरच होता. नॉर्टनबाईंच्या तक्त्यात सर्वांत कमी गुण पडतील असा हा देह, आणि त्यावर जखम नाही.

मित्रहो, आवरतं घेतो. हा इतिहास आम्ही सांगितला तो डॉक्टरांना कमी लेखायला नाही. आमची गुठळी डॉक्टरांनीच विरघळवली. पण तिचं अनुमान निघायच्या आधी कुणीतरी धूर पाहिला होता आणि पाहिलंय यावर ठाम राहिलं होतं. रुग्णालयाच्या पायऱ्या चढायची वेळ तुमच्यावर किंवा घरच्यांवर येईल तेव्हा एक करा. सिस्टरला आपला माणूस नेहमी कसा असतो ते सांगा. चहा किती वेळा मागतो, किती बोलतो, झोपताना कुठल्या कुशीवर असतो. घडा कसा दिसतो हे तिला ठाऊक झालं, तर तो नसेल तेव्हा तिला कळेल. आणि ती 'मला काळजी वाटते' म्हणाली, तर 'कशावरून?' हा प्रश्न आमच्यासारख्या तत्त्वज्ञान्यांना सकाळी विचारू द्या. रात्री आधी फोन लावा.



*व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून विचारलेला एक प्रश्न :*

प्रश्न : आता नाडी, ऑक्सिजन, सगळं यंत्रावर सतत दिसतं. मग पाहायला माणूस कशाला?

उत्तर : यंत्र हवंच, आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण त्या रात्री आम्हाला यंत्र लावलं असतं तर त्यानं आकडे दिले असते, 'हे कालच्यासारखे नाहीत' असं म्हटलं नसतं. काल म्हणजे काय, हे त्याला आम्हीच शिकवायचं आहे, आणि शिकवायला काल तिथं कुणीतरी असायला हवं. आणखी एक. नंतर आम्ही त्या सिस्टरला विचारलं, "आम्ही 'उत्तम' म्हटलं तरी तुम्ही विश्वास का ठेवला नाही?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही 'उत्तम' म्हणालात, पण ते एका दमात म्हणता आलं नाही तुम्हाला." तीन अक्षरांचा शब्द, मित्रहो. आम्ही तो दोन श्वासांत म्हटला होता, आणि आमचं आम्हालाच कळलं नव्हतं.